एक लिटरचा संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सिक्युरिटी अपडेट बंद केले. त्यामुळे त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक संगणक तसाच सुरू झाला, तेवढ्याच वेगाने चालला. तरीही त्या तारखेने लाखो यंत्रांचे भवितव्य ठरले. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. त्याआधीचे यंत्र कितीही धडधाकट असो, मोठ्या कंपन्यांच्या हिशेबात ते आता ‘बदलायचे’ या रकान्यात गेले.

या रकान्यातली बहुतेक यंत्रे टेबलाखालचे अवजड टॉवर आहेत. पण त्यांच्यात एक वेगळी जातही आहे: मॉनिटरच्या पाठीला स्क्रूने अडकवलेली, शाळकरी पोराच्या जेवणाच्या डब्याएवढी. धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने सगळ्यात जास्त उपयोग राहिलेला माल हाच आहे.

लहान संगणकाची हौस जुनी आहे. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये सतरा सेंटिमीटर चौरस मदरबोर्डाचे माप आणले, त्याला मिनी-आयटीएक्स म्हणतात. ॲपलचा मॅक मिनी आला २००५ मध्ये. कार्यालयांत मात्र हे लोण खऱ्या अर्थाने पसरले ते २०१२ नंतर, लेनोव्होच्या ‘थिंकसेंटर एम९२पी टायनी’पासून. लांबी-रुंदी सुमारे अठरा सेंटिमीटर, जाडी साडेतीन. गुणाकार केला तर आकारमान एक लिटरहून किंचित जास्त. दोन वर्षांत एचपीने ‘एलीटडेस्क मिनी’ आणि डेलने ‘ऑप्टिप्लेक्स मायक्रो’ आणला. बँकांचे काउंटर, दवाखान्यांचे नोंदणी कक्ष, कॉल सेंटर अशा ठिकाणी जागा वाचते म्हणून ही यंत्रे हजारोंनी लागली.

यांच्या पोटात डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉपचाच संसार जास्त असतो. रॅमच्या पट्ट्या लॅपटॉपच्या मापाच्या, डिस्क अडीच इंची, वीजपुरवठा बाहेरच्या ॲडाप्टरवर. प्रोसेसर डेस्कटॉपचाच, पण बहुधा ३५ वॅटच्या काटकसरी गटातला. तीन-चार वर्षांची भाडेमुदत संपली की कंपन्या ही यंत्रे एकगठ्ठा काढून टाकतात. मग ती दिल्लीच्या नेहरू प्लेसला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पोचतात आणि तिथून ‘रिफर्बिश्ड’ या नावाने तालुक्याच्या दुकानांपर्यंत झिरपतात.

विजेचा हिशेब

धाराशिव २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. महाराष्ट्रातले असे जिल्हे चारच: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद. पाऊस कमी, वीज बेभरवशाची, मोबाइलचे नेटवर्क गावागणिक निराळे. इथे संगणकाचा वेग हा दुसरा प्रश्न ठरतो. पहिला प्रश्न असतो की लाइट गेल्यावर काय.

जुना टॉवर नुसता चालू राहायला ५०-६० वॅट सहज खातो. एक लिटरचे यंत्र काम नसताना १०-१५ वॅटवर भागवते. टॉवर ६० वॅटचा आणि छोटे यंत्र १२ वॅटचे धरून दोन्ही महिनाभर, रात्रंदिवस चालू ठेवली, तर टॉवर सुमारे ४३ युनिट जाळतो आणि छोटे यंत्र पावणेनऊच्या आत राहते. ज्या शाळेत वीजबिल कोणी भरायचे यावरून ग्रामपंचायत आणि मुख्याध्यापक यांच्यात कागद फिरत राहतात, तिथे हा फरक संगणक चालू राहील की नाही हे ठरवतो.

बॅटरीचा हिशेब आणखी बोलका आहे. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-तास. बॅटरीचे आयुष्य जपायला त्यातले निम्मेच वापरायचे, वर दहा टक्के घट धरायची, म्हणजे हातात ५४० उरतात. १२ वॅटच्या यंत्राला ते ४५ तास पुरतात, जवळजवळ दोन दिवस. अट एकच: मध्ये इन्व्हर्टर नको. साधा घरगुती इन्व्हर्टर स्वतः जागा राहण्यासाठीच या छोट्या संगणकाएवढी वीज पिऊ शकतो. बॅटरीच्या १२ व्होल्टचे थेट १९-२० व्होल्ट करून देणारा छोटा कन्व्हर्टर लावला की ती उधळपट्टी थांबते. टॉवरच्या पोटातला वीजपुरवठा २३० व्होल्टशिवाय बोलत नाही. छोटे यंत्र मुळातच डीसीवर चालते. छतावर सोलर पॅनल असलेल्या शाळेला या एका गुणासाठी ते घ्यावेसे वाटावे.

वारणेत काय झाले

मात्र यंत्र काटकसरी आहे एवढ्याने ते कामाला येते असे नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा महाराष्ट्रातच आहे.

१९९८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगर परिसरात ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. वारणेच्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे त्यात होती. केंद्र, राज्य आणि वारणा समूह यांनी मिळून पैसा उभा केला आणि गावोगावी संगणक केंद्रे उघडली. बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी योजना, शिक्षण हे सगळे त्या पडद्यावर मिळेल अशी कल्पना होती. तेव्हा देशभर त्याचा गवगवा झाला.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या संशोधकांनी पाहिले, तेव्हा शेतकऱ्यांची त्या संगणकाकडे नेमकी चारदोन कामे होती: ऊस किती भरला, तोडीचा परवाना निघाला का, खत किती उचलले, खात्यावर किती जमा झाले. बाकीचा मोठा आराखडा कागदावरच राहिला होता. तेवढ्या कामासाठी संगणक, बॅटरी, जोडणी आणि दुरुस्ती हा सगळा खटाटोप महाग पडत होता. म्हणून सात गावांत एक प्रयोग झाला: संगणकाऐवजी मोबाइल आणि एसएमएस. आठ महिने चाललेल्या त्या प्रयोगाचे नावच होते ‘वारणा अनवायर्ड’. काम निभावले, खर्च घटला, शेतकऱ्यांना रात्री-अपरात्रीही आकडा कळू लागला.

जुन्या संगणकाला ‘सगळ्यासाठी’ ठेवले की हातातला मोबाइल त्याला हरवतो. आज धाराशिवच्या कुठल्याही गावात सातबारा पाहायला, हवामान बघायला, पैसे पाठवायला सहसा कोणी संगणकाजवळ जात नाही. त्यामुळे छोट्या यंत्राकडे पाहताना ‘याच्यावर काय काय चालेल’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. गावात असे कोणते एक काम आहे, जे एकाच जागी, सतत, अनेकांसाठी व्हायला हवे आणि मोबाइलला जमत नाही? अशी कामे मोजकीच असतात, पण असतात.

शाळेचे स्वतःचे इंटरनेट

पहिले काम शाळेत आहे. महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळांना आयसीटी योजनेतून संगणक कक्ष मिळाले. कंत्राटदाराने पाच वर्षे कक्ष चालवायचा आणि मग शाळेच्या हवाली करायचा, अशी ती पद्धत. हवाली झाल्यानंतर मात्र दुरुस्तीला पैसा नाही, शिकवायला माणूस नाही आणि इंटरनेटचा पत्ता नाही, अशी अनेक ठिकाणी अवस्था झाली.

इंटरनेट नसलेल्या शाळेत एक छोटा संगणक आणि साधा वायफाय राउटर एवढ्यावर शाळेपुरते इंटरनेट उभे राहते. ‘किविक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर संपूर्ण विकिपीडिया एका फाइलमध्ये बांधून देते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया त्यात पेनड्राइव्हवर मावतो. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत उतरवून घेता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरच्या मराठी गोष्टी खुल्या परवान्याच्या असल्यामुळे साठवून वाटायला हरकत नाही. ‘कोलिब्री’ नावाचे सॉफ्टवेअर धडे, व्हिडिओ आणि प्रश्नसंच इयत्तेनुसार लावून देते. मुले शिक्षकांच्या किंवा घरच्या मोबाइलवर, शाळेला मिळालेल्या टॅबवर हे सगळे उघडतात. एक पैशाचाही डेटा जात नाही. वाचायची पाने आणि चित्रे पुरवण्याचे काम असेल, तर दहा-बारा वर्षांपूर्वीचे यंत्र पंचवीस-तीस मुलांना आरामात पुरते.

ही पद्धत नुसती कल्पनेतली नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्सबरोबर ‘क्लिक्स’ हा उपक्रम हाती घेतला. राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणातल्या शेकडो सरकारी शाळांत तो गेला. शाळेतलाच सर्व्हर, शाळेतल्याच कक्षातले संगणक, मध्ये इंटरनेटची गरज नाही. त्याचा तांत्रिक पाया मुंबईच्या मानखुर्दमधील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या प्रयोगशाळेत घडला. २०१७ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण आवार १९८६ पासून धाराशिव जिल्ह्यातच, तुळजापुरात आहे.

त्याही आधी गोव्याने जुनी यंत्रे शाळेत वापरून पाहिली होती. गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टमध्ये परदेशातल्या गोंयकारांनी आणि स्थानिक स्वयंसेवकांनी वापरलेले संगणक मिळवले, लायसन्सचा खर्च टाळण्यासाठी त्यांवर लिनक्स बसवले. एक ताकदवान सर्व्हर आणि त्याला जोडलेली म्हातारी यंत्रे, हा मार्गही तिथे चोखाळला गेला. १९९९ मध्ये जन्मलेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्टने तो सोपा केला होता. आता उलटे झाले आहे: तेव्हा ज्याला ताकदवान सर्व्हर म्हणत, त्याच्यापेक्षा कितीतरी दमदार यंत्र एका लिटरात मावते.

अभ्यासिका आणि वाचनालय

धाराशिव शहरात आणि तालुक्यांच्या गावांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका आहेत. पहाटेपासून रात्रीपर्यंत मुले-मुली पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी यांची तयारी करत बसतात. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, उत्तरतालिका, बालभारतीची सहावी ते बारावीची पुस्तके, शासनाचे अहवाल हे सगळे प्रत्येक जण आपापल्या डेटावर पुन्हा पुन्हा उतरवतो. कोपऱ्यात एक छोटे यंत्र ठेवून ते एकदाच साठवले, तर पन्नास मोबाइलचा भार एका जागी येतो. त्याच यंत्राला प्रिंटर जोडला की प्रिंटसाठी गल्लीच्या टोकाला जावे लागत नाही.

वाचनालयाचे काम तर या यंत्रासाठीच बेतल्यासारखे आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अ, ब, क, ड अशा दर्जांची अनुदानित ग्रंथालये गावोगाव उभी राहिली. लहान ग्रंथालयात आजही दाखल नोंदवही आणि देवघेवीची कार्डे असतात. ‘कोहा’ हे मोफत ग्रंथालय सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेसाठी लिहिले गेले आणि जानेवारी २००० मध्ये कामाला लागले. केंद्र सरकारच्या एनआयसीचे ‘ई-ग्रंथालय’ही आहे. काही हजार पुस्तकांची मराठी सूची सांभाळायला आठ जीबी रॅमचा टायनी गरजेपेक्षा जास्तच आहे. पुस्तक कपाटात आहे की बाहेर गेले, हे वाचकाला दारातच कळते.

डीटीपीवाल्याचा जुना संगणक

जुन्या यंत्राचा खरा मान मात्र मराठी छपाईने राखला. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ‘श्री-लिपी’, सी-डॅकचे ‘आयएसएम’, ‘आकृती’ अशा सॉफ्टवेअरमध्ये बसवला जाई. प्रत्येकाची अक्षरांची आतली मांडणी निराळी. पान लावायला पेजमेकर. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि तिथेच थांबली. वीस-पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि साप्ताहिकांचे अंक त्या फाइलींत अडकलेले आहेत. नव्या संगणकावर फाइल उघडली की अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा खच पडतो. म्हणून तालुक्याच्या गावातला डीटीपीवाला एक जुना संगणक, त्यावरचे विंडोज एक्सपी आणि सॉफ्टवेअरची चावी असलेला डोंगल जिवापाड जपतो.

तो योग्यच करतो, फक्त दोन पथ्ये हवीत. त्या यंत्राला इंटरनेट लावू नये, कारण एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच संपले. आणि डिस्क बसण्याआधी फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. जुना टॉवर खरोखरच मोडकळीला आला, तर एक लिटरच्या यंत्रात आभासी संगणक तयार करून त्यात एक्सपी चालवता येते. यूएसबी डोंगल बहुधा साथ देतो. प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसणारा डोंगल असेल, तर मात्र मूळ यंत्रच टिकवावे लागते.

जिथे हात टेकावे लागतात

आपले सरकार सेवा केंद्रात हे यंत्र लिनक्ससह बसवायचे म्हटले, तर गाडी अडते. २०११ च्या ‘संग्राम’ प्रकल्पाने ग्रामपंचायतीत संगणक आणि संगणक परिचालक आणला. पुढे त्याची जागा सेवा केंद्रांनी घेतली. आधारशी जुळणारे बोटांच्या ठशांचे यंत्र लागले की त्याचे ड्रायव्हर बहुतेकदा विंडोज किंवा अँड्रॉइडसाठीच मिळतात. लोकांचे पैसे आणि ओळख हाताळणारा संगणक अपडेट थांबलेल्या विंडोजवर चालवणे धोक्याचे आहे. इथे नवे यंत्रच हवे.

३२ बिटचे प्रोसेसर असलेली फार जुनी यंत्रेही आता सोडून द्यावीत. डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या आवृत्तीपासून त्यांच्यावर थेट बसवण्याची सोय काढून टाकली. चौथ्या पिढीच्या टायनीवर यूट्यूबचे नव्या पद्धतीचे व्हिडिओ पाहताना प्रोसेसरला धाप लागते, कारण ते उलगडणारी सोय त्याच्या चिपमध्ये नाही. साठवलेल्या एमपी४ फाइलींना मात्र अडचण येत नाही.

विकत घेताना ॲडाप्टर मूळचा आहे का, हे आधी पाहावे. लेनोव्हो, डेल आणि एचपी यांच्या पिना वेगळ्या असतात आणि चुकीचा ॲडाप्टर लावला तर काही यंत्रे मुद्दाम मंदावतात. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकणे हा सर्वांत फळणारा खर्च. बायोसमध्ये ‘वीज परतली की आपोआप सुरू व्हा’ ही सोय चालू केली, तर रविवारी लाइट जाऊन आली तरी सोमवारी सर्व्हर जागा असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बारीक पंख्यात अडकलेली धूळ यंत्राचा घात करते. उन्हाळ्याआधी ती एकदा फुंकून काढावी आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलावी.

नोंदवहीतून बाहेर

हे सगळे करण्याइतकी यंत्रे कुठून येणार, याचे उत्तर बाजारापेक्षा सरकारी कपाटात जास्त आहे. शाळा-कार्यालयातली प्रत्येक वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते आणि निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत हलवता येत नाही. प्रस्ताव कोणी करायचा यातच वर्षे जातात. चार वर्षांचे चालणारे यंत्र दहा वर्षांचे भंगार होऊन बाहेर पडते. निर्लेखनाआधी ‘दुसऱ्या शाळेत चालेल का’ हा एक रकाना भरायला लावला, तरी बराच माल वाचेल.

वाचवण्याचे कारणही भक्कम आहे. संयुक्त राष्ट्र विद्यापीठासाठी २००३ मध्ये झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की मॉनिटरसह एक डेस्कटॉप घडवायला २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड हजार किलो पाणी लागते. आकडे त्या काळच्या अवजड यंत्रांचे असले, तरी मुद्दा बदलत नाही: संगणकाचा मोठा भार तो घरी येण्याआधीच पडून गेलेला असतो. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला. त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन आणि पुनर्वापर झाल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम दुरुस्ती करून पुन्हा विकणाऱ्यांनाही नोंदणी बंधनकारक करतात.

यंत्र हलवण्याआधी त्यातली माहिती पुसणे मात्र कोणालाही टाळता येणार नाही. ग्रामपंचायतीच्या संगणकात नमुना ८ चे उतारे, जन्म-मृत्यूच्या नोंदी, आधार कार्डांच्या आणि पासबुकांच्या स्कॅन प्रती असतात. फाइल डिलीट केली किंवा विंडोज पुन्हा टाकले, म्हणून त्या जात नाहीत. हार्ड डिस्कवर ‘एनवाइप’सारखे मोफत साधन सुरुवातीपासून शेवटपर्यंत नवे आकडे लिहिते, एसएसडीला तिच्या स्वतःच्या आज्ञेने पुसावे लागते.

पुसणे, धूळ काढणे, एसएसडी घालणे, लिनक्स टाकणे, किविक्स बसवणे यातले एकही काम अवघड नाही, पण ते नियमाने करणारा माणूस लागतो. शिक्षकांवर आधीच ऑनलाइन माहिती भरण्याचे ओझे आहे. आयटीआयमध्ये ‘कोपा’ हा एक वर्षाचा संगणकाचा ट्रेड चालतो. त्याच्या अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिम टाकणे, लिनक्सच्या प्राथमिक आज्ञा आणि नेटवर्क जोडणे हे सगळे आहे. प्रात्यक्षिकासाठी त्याच त्या चार यंत्रांवर पुन्हा पुन्हा विंडोज टाकण्याऐवजी तालुक्यातल्या शाळांची निर्लेखित यंत्रे त्यांच्या टेबलावर आली, तर प्रत्येक प्रशिक्षणार्थी वर्षअखेरीस एक चालता शाळा-सर्व्हर हातावेगळा करू शकेल. त्याला लागेल एक एसएसडी, एक राउटर, मूळ ॲडाप्टर आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचे एक पत्र.